टेप किती वेळा लावायचा? लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळाचा घोळ सोडवताना

मानेवाड्याच्या आमच्या घरासमोर गेला अख्खा पावसाळा मुरुमाचा ढीग पडून होता. चूक माझीच. अंगण 20 बाय 15 फुटांचं. फरशी बसवायची म्हणून मिस्त्रीने फोनवर सांगितलं, "तीन ब्रासचं काम आहे." मी तेवढं ऐकून तीन ब्रास मुरूम टाकायला सांगून मोकळा झालो. संध्याकाळी मिस्त्री आला आणि ढिगाकडे बघतच राहिला. "भाऊ, तीन ब्रास फरशी सांगतली होती मी. मुरूम एवढा कायले बोलावला?"

घोळ ब्रास या शब्दातच आहे. फरशी, प्लास्टर यांचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट, आणि रेती, गिट्टी, मुरुमाचा ब्रास म्हणजे 100 घनफूट. एकच शब्द, पण एक माप पृष्ठभागाचं आणि दुसरं ढिगाचं. म्हणून कोणी ब्रास म्हटलं की आधी विचारायचं, कशाचा?

पहिलं काम: बेरीज आहे की गुणाकार, ते बघा

टेप एकदा लावला की लांबी, दोनदा लावून गुणलं की क्षेत्रफळ, तीनदा लावून गुणलं की घनफळ, असं शाळेत शिकवतात. ते बरोबरच आहे, पण अर्धवट. अंगणाभोवती विटांची कड घालायची तर टेप चारही बाजूंना लावावा लागतो: 20+15+20+15, म्हणजे 70 फूट. त्यातून फाटकाचे 4 फूट वजा केले की 66 रनिंग फूट. टेप चारदा लागला, तरी माप लांबीचंच राहिलं, कारण आपण बेरीज केली. गुणाकार केला की मगच माप एक पायरी चढतं. 20 गुणिले 15, म्हणजे 300 चौरस फूट: मिस्त्रीचे तीन ब्रास. त्यावर जाडीने गुणलं की घनफूट.

दुसरं: गुणायच्या आधी सगळं एकाच मापात आणा

मुरुमाचा थर सहा इंचांचा हवा होता. 20×15×6 केलं तर 1800 येतात, म्हणजे 18 ब्रास! सहा इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून 300×0.5 = 150 घनफूट, दीड ब्रास. धुम्मस केल्यावर, म्हणजे ठोकून बसवल्यावर, मुरूम दबतो, तेव्हा थोडा जास्त धरायचा. दोन ब्रास खूप झाले असते. माल उतरवण्याआधी ट्रॉलीला आतून टेप लावायलाही लाजू नका. आतून 10 बाय 5 बाय 2 फूट भरली तर काठोकाठ एक ब्रास होतो.

तिसरं: फूट-मीटरचा आकडा जसाच्या तसा वापरू नका

एक मीटर म्हणजे 3.28 फूट हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तिथेच फसगत होते. एक चौरस मीटर म्हणजे 3.28 चौरस फूट नव्हे, तर 3.28 गुणिले 3.28, म्हणजे 10.76. घनमीटरला आणखी एकदा गुणा: 35.3 घनफूट. कागदावर फ्लॅट 50 चौरस मीटर लिहिला असेल तर तो 538 चौरस फुटांचा असतो, 3.28 ने गुणून 164 आले तर एका खोलीत संसार थाटावा लागेल.

फरशीचंही तसंच. एक फुटी ऐवजी दोन फुटी चौरस फरशी घेतली तर नग निम्मे लागतात असं वाटतं. माझ्या अंगणाला एक फुटी 300 लागतात, दोन फुटी फक्त 75. टाकीची तिन्ही मापं दुप्पट केली तर पाणी आठपट मावतं.

कापड दुकानात मीटरवर मिळतं खरं, पण आपण विकत घेतो ते क्षेत्रफळच. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ठरलेला असतो म्हणून दुकानदार एकच बाजू मोजतो. पडद्याचं कापड घेताना पन्हा विचारला नाही तर भाव फसवा निघतो.

पाणी असेल तर लिटर

एका घनफुटात साधारण 28.3 लिटर मावतं. नागपूरच्या मे महिन्यात हा आकडा रोज कामी येतो. कूलरची टाकी 2 बाय 2 फूट आणि पाणी 9 इंच, म्हणजे 2×2×0.75 = 3 घनफूट. सुमारे 85 लिटर, म्हणजे 17 लिटरच्या पाच बादल्या. त्या कोणी भरायच्या, हा घरोघरचा वाद मापाने सुटत नाही.

आता पाऊस. तो मिलिमीटरमध्ये सांगतात, म्हणजे लांबीत. एवढं पाणी आणि माप लांबीचं का? कारण ती सपाट जागेवर साचणाऱ्या पाण्याची उंची असते. क्षेत्रफळ ज्याचं त्याने घालायचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला आणि अंबाझरी तलाव ओसंडला. 1000 चौरस फुटांची गच्ची म्हणजे 93 चौरस मीटर. तिला शंभराने गुणा: 9300 लिटर, हजार लिटरच्या नऊ टाक्या भरूनही उरेल एवढं पाणी, एकट्या एका गच्चीवरून.