मोगऱ्याचा उन्हाळी बहार: ताण, छाटणी आणि पहिले पाणी

मोगरा लावणाऱ्यांची एकच तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. झाड हिरवेगार आहे, पाने तुकतुकीत आहेत, फांद्या वाढत आहेत, पण ऐन उन्हाळ्यात कळ्या मात्र मोजून चार. यावर चहाचा चोथा, केळीच्या सालींचे पाणी आणि बाजारात मिळणारी नाना प्रकारची द्रावणे सुचवली जातात. ही सगळी खटपट चुकीच्या टोकाला चालते, असे माझे स्पष्ट मत आहे. हिवाळ्याच्या अखेरीस ज्या मोगऱ्याला विश्रांती मिळाली नाही आणि ज्याची धीटपणे छाटणी झाली नाही, त्याच्यावर कोणतेही खत भरघोस कळ्या आणू शकत नाही.

लहान बागेसाठी बटमोगरा निवडावा. त्याची पेरे आखूड असतात, झुडूप आटोपशीर राहते आणि कळ्या गोल, टपोऱ्या येतात. वेलमोगरा आधार शोधत पसरतो, त्यामुळे तो कमी जागेत घेऊ नये. रोप घेताना पाने नीट पाहावीत. मोगऱ्याची पाने साधी, रुंद आणि बहुधा समोरासमोर जोडीने येणारी असतात, तर जाईचे पान लहान लहान पर्णिकांचे बनलेले असते. कुंडी १२ इंचांपेक्षा लहान नसावी, जमिनीत लावल्यास दोन झाडांत एक मीटर अंतर ठेवावे, आणि दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन मिळेल अशीच जागा द्यावी. पाणी साचून राहणारी माती मोगऱ्याला मुळीच चालत नाही. लावणीबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही, कारण मोगरा लावणे सोपे आहे आणि अडचण पुढे येते.

मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीच्या शेंड्याला येतात. नवा फुटवा पानांच्या काही जोड्या काढतो आणि मग त्याच्या टोकाला कळ्यांचा झुबका धरतो. अनेकदा हा झुबका तीन कळ्यांचा असतो आणि त्यातली मधली कळी आधी उमलते. म्हणजे झाडावर जितके नवे फुटवे, तितके झुबके, हा साधा हिशेब आहे. जुन्या लांब फांद्या तशाच ठेवल्या, तर टोकाकडचे दोन-तीन डोळेच (फांदीवरचे फुटव्यांचे कोंब) फुटतात आणि खालचे सगळे निजून राहतात. पाणी तोडून ताण दिला की झाडाची पालेदार वाढ थांबते आणि अन्नसाठा फांद्यांत टिकून राहतो. त्यानंतर छाटणी केली, की खालचे डोळे जवळजवळ एकाच वेळी जागे होतात. फळबागायतदार ज्याला बहार धरणे म्हणतात, तेच आपल्याला एका कुंडीत करायचे असते.

हे तत्त्व कळूनही पहिली तीन वर्षे माझ्या हातून वेगवेगळ्या चुका झाल्या, आणि त्याच चुका आजही सर्रास होताना दिसतात. पहिल्या वर्षी झाडाच्या मायेपोटी मी फक्त शेंडे खुडले, आणि फुले शेंड्यांपुरतीच आली. दुसऱ्या वर्षी शेतातल्या मोगऱ्याला तीन-चार आठवडे पाणी तोडतात हे ऐकून मी कुंड्यांनाही तेच केले. पाच कुंड्यांपैकी दोन झाडांची साल सुरकुतली आणि ती पुन्हा फुटलीच नाहीत. जमिनीतल्या झाडाची मुळे खोलवर ओल शोधू शकतात, पण कुंडीतल्या मुळांना तशी सोय नसते, म्हणून शेतातला हिशेब कुंडीला कधीही लावू नये. तिसऱ्या वर्षी ताणही बरोबर दिला आणि छाटणीही बरोबर केली, पण त्याच संध्याकाळी कुंडीत ताजे खत आणि भरपूर पाणी घातले. छाटलेल्या, बिनपानांच्या झाडाला पाणी खर्च करायला पानेच नसतात. माती दहा दिवस ओलीचिंब राहिली, मुळे कुजली, आणि फुटू लागलेले डोळे काळे पडले. या तिसऱ्या चुकीबद्दल फारसे कोणी बोलत नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त झाडे तिनेच मरतात.

ताण किती द्यायचा, हे दिनदर्शिका पाहून ठरवू नये. रात्रीची थंडी ओसरू लागली की पाणी बंद करावे आणि रोज सकाळी पाने पाहावीत. दुपारी मान टाकलेली पाने दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ताठ होत असतील, तर ताण पुरेसा झालेला नाही. ज्या दिवशी पाने सकाळीही मलूल दिसतील आणि खालची काही पाने पिवळी पडतील, त्या दिवशी ताण थांबवावा. कुंडीत ही अवस्था यायला मला बहुधा ८ ते १२ दिवस लागतात, पण मातीचा पोत, कुंडीचे आकारमान आणि वारा यांप्रमाणे हे दिवस बदलतात. पाने कुरकुरीत वाळेपर्यंत वाट पाहणे म्हणजे झाडाचा जीव धोक्यात घालणे होय. एक वर्षाच्या आतल्या रोपाला तर ताण देऊच नये.

मलूल पाने दिसली की दुसऱ्याच दिवशी छाटणी करावी. कुंडीतले झाड मातीपासून २५ ते ३० सेंटीमीटरवर, आणि जमिनीतले साधारण ४५ सेंटीमीटरवर कापावे. हे वाचून हात कचरतो याची मला जाणीव आहे, पण अर्धीमुर्धी छाटणी ही न केलेल्या छाटणीइतकीच निरुपयोगी असते. सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, चांगली धार असावी, कारण बोथट पात्याने फांदी चिरडते आणि चिरडलेले टोक खालपर्यंत वाळत जाते. काप डोळ्याच्या जरासा वर घ्यावा. वाळलेल्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या मुळाशीच काढाव्यात. उरलेली पानेही काढून टाकावीत, मात्र ती ओरबाडू नयेत. पान खाली ओढले की देठाबरोबर साल सोलते आणि बगलेतला डोळा निघून येतो, आणि कळ्या ज्या फुटव्यावर यायच्या असतात तो त्याच डोळ्यातून निघणार असतो. कात्रीने देठ अर्धे कापून सोडावे, उरलेला भाग आपोआप गळतो.

आता पाण्याकडे वळू. छाटणीनंतर दोन दिवस काहीही करू नये. तिसऱ्या दिवशी वरची दोन इंच माती मुळे न दुखावता हलकेच मोकळी करावी, तीत दोन-तीन मुठी पूर्ण कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी, आणि मग आंबवणीचे, म्हणजे ताणानंतरचे पहिले हलके पाणी द्यावे. हे पाणी माती जेमतेम ओलावेल इतकेच असावे. चार-पाच दिवसांनी, बोट दोन इंच खोल घालून माती कोरडी लागली तरच, चिंबवणीचे, म्हणजे दुसरे पाणी थोडे अधिक द्यावे. डोळे फुगून हिरवी टोके दिसेपर्यंत हाच संयम ठेवावा. नवी पाने उलगडली की झाड स्वतःच पाणी मागू लागते, आणि तेव्हापासून नेहमीसारखे भरपूर पाणी द्यावे. त्या काळात युरियासारखे नत्रयुक्त खत घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्याने पाला माजतो आणि कळ्या यायला उशीर होतो. एखादा फोक (लांब, जोमदार फुटवा) बाकीच्यांना मागे टाकून सरळ वर निघाला, तर त्याचा शेंडा एकदाच खुडावा.

माझ्याकडे छाटणीपासून साधारण सहा ते आठ आठवड्यांत पहिल्या कळ्या दिसतात. फुले संपली की प्रत्येक झुबका खालच्या पानांच्या एका जोडीसह कापावा, म्हणजे बगलेतून दुसरा बहर निघतो.

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता असते. त्यावर एक लीटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून ऊन उतरल्यावर फवारावे. कळ्या जांभळट होऊन गळत असतील, तर एखादी कळी उघडून पाहावी. आत अळी असल्यास अशा सगळ्या कळ्या वेचून नष्ट कराव्यात, झाडाखाली पडू देऊ नयेत. पानांमागे बारीक जाळी दिसली, तर तो कोळी ही रस शोषणारी बारीक कीड असते, आणि पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा रोज मारल्यास तो बहुतेक वेळा आटोक्यात येतो.

पावसाळ्यात मोठी छाटणी करू नये, फक्त आकार बिघडवणाऱ्या फांद्या काढाव्यात. त्यांतल्या ना कोवळ्या ना जून अशा फांद्यांचे १५ सेंटीमीटरचे तुकडे, खालची पाने काढून, वाळूमिश्रित मातीत सावलीत खोचावेत. महिना-दीड महिन्यात त्यांना मुळे धरतात. अशा रोपांवर पहिल्या उन्हाळ्यात कळ्या आल्या, तर त्या खुडून टाकाव्यात आणि त्या वर्षी झाडाला फांद्याच वाढवू द्याव्यात.