धंद्याचं नाव पक्कं करताना: आधी शोध, मग बोर्ड

शॉप अ‍ॅक्टची पावती मिळाली, उद्यम नोंदणी झाली, जीएसटी सर्टिफिकेटवर 'ट्रेड नेम' छापून आलं, तरी नाव तुमचं झालेलं नसतं. या तिन्ही ठिकाणी तुम्ही भराल ते नाव चढतं. दुसऱ्या कुणाचं तेच नाव आहे का, याची छाननी होत नाही. कोथरूडला आणि हडपसरला एकाच नावाची दोन पोळी-भाजी केंद्रं, दोघांचेही कागद चोख, असं सहज होऊ शकतं. भांडण लागलं की प्रश्न दोनच: ट्रेडमार्क (म्हणजे नावाची किंवा चिन्हाची कायदेशीर नोंदणी) कुणाकडे, आणि आधी वापर कुणाचा? म्हणून शोध तिथूनच सुरू करा. बोर्ड, पाकिटं आणि स्टिकरची ऑर्डर सगळ्यात शेवटी.

मालाचं नुसतं वर्णन करणारं नाव कच्चं समजा. 'अमृततुल्य' म्हटलं की पुण्यात चहाचं दुकान डोळ्यांपुढे येतं. त्या एकट्या शब्दावर मालकी सांगणं अवघड. वेगळेपणाचा भार शेजारच्या शब्दाला उचलावा लागतो. 'पुणेरी', 'शुद्ध', 'न्यू', 'श्री' जोडून जुनं नाव नवं होत नाही. स्वतःचं आडनाव प्रामाणिकपणे वापरायला कायद्याची हरकत नाही, पण त्याच मालात त्या आडनावाचा नावाजलेला ब्रँड आधीच असेल तर वाद ओढवून घ्याल. अंजिराचा जॅम करत असाल तर 'पुरंदर अंजीर' हा ब्रँड म्हणून नोंदवायला जाऊ नका; त्याला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालाचं आहे, कुणा एकाच्या ब्रँडचं नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव व्यापारासाठी वापरायला १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने मनाई आहे. गल्लोगल्ली दिसतं म्हणून चालतं, असं धरू नका.

तीन-चार नावं हाताशी ठेवा आणि आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या, संकेतस्थळावरचा ट्रेडमार्क पब्लिक सर्च उघडा. शोध फुकट आहे. आधी वर्ग, म्हणजे माल किंवा सेवा कोणत्या प्रकारात मोडते ते, ठरवावं लागतं. एकूण ४५ वर्ग: १ ते ३४ माल, ३५ ते ४५ सेवा. इथेच घरगुती उद्योजक फसतात. मसाले, चटण्या, पीठ, बाकरवडी वर्ग ३० मध्ये. लोणचं वर्ग २९ मध्ये. मेस किंवा हॉटेल ४३ मध्ये. कपडे २५, क्लासेस ४१. मसाले आणि लोणची दोन्ही विकणार असाल तर दोन्ही वर्ग तपासा, शिवाय दुकानदारीचा ३५ वा.

समजा नाव सुचलंय 'ओसरी'. वर्डमार्क (म्हणजे लोगोशिवाय नुसतं शब्दांतलं नाव) शोधात 'कंटेन्स' निवडा आणि इंग्रजी अक्षरांत नाव टाका. एकदा टाकून थांबू नका: मधला 'ए' ठेवून आणि काढून, शेवटी 'आय', 'वाय', 'डबल ई' असं बदलून बघा. मग फोनेटिक, म्हणजे उच्चारावरून, शोध करा, कारण कायदा स्पेलिंगपेक्षा कानाला काय ऐकू येतं ते बघतो. मिळतंजुळतं नाव दिसलं तर अर्ज क्रमांकावर क्लिक करून आतला तपशील वाचा: माल कोणता, वापर कधीपासून, स्थिती काय. 'रजिस्टर्ड' असेल आणि माल तोच असेल तर ते नाव सोडा. 'ऑब्जेक्टेड' म्हणजे अर्ज मेला असं नाही, फक्त परीक्षकाने हरकत काढली आहे. नूतनीकरण न केल्यामुळे 'रिमूव्ड' झालेलं चिन्हही पुढचं एक वर्ष नव्या अर्जाच्या आड येतं. यादी कोरी आली तरी गूगल मॅप्स आणि इन्स्टाग्राम चाळाच. नोंदणी न केलेला पण आधीपासून वापरणारा दुकानदारही तुम्हाला कोर्टात खेचू शकतो.

कंपनी काढणार असाल तर एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर नाव तपासून 'स्पाइस प्लस' या कंपनी नोंदणीच्या अर्जाच्या भाग अ मध्ये दोन नावं द्या. फी १,००० रुपये, मंजूर नाव २० दिवस राखून ठेवतात. अनेकवचन, वेगळं स्पेलिंग, शब्दांची उलटापालट, गावाचं नाव, 'डॉट कॉम' असल्या बदलांनी नाव वेगळं धरत नाहीत. एलएलपीसाठी (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीसाठी) फी २०० रुपये आणि मुदत तीन महिने. पण कंपनी नोंदली गेली म्हणून निर्धास्त होऊ नका: नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक तीन वर्षांच्या आत केंद्र सरकारकडे अर्ज करून तुम्हाला नाव बदलायला लावू शकतो.

नाव मोकळं दिसलं की ट्रेडमार्कचा टीएम-ए अर्ज भरा. व्यक्तीला किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेल्या लघुउद्योगाला ऑनलाइन फी दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. म्हणजे मसाला आणि लोणचं मिळून ९,०००. पैसे एकाच अर्जापुरते असतील तर लोगो नको, साधा वर्डमार्क घ्या. लोगोची रचना उद्या बदलेल, नाव तेच राहील. अर्ज केल्यावर 'टीएम' लावता येतं. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्याशिवाय नाही. ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये अर्ज प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कुणीही विरोध नोंदवू शकतो. नोंदणी दहा वर्षांची असते.

अर्जात एक रकाना वापराच्या तारखेचा असतो. धंदा सुरू व्हायचा असेल तर 'प्रपोज्ड टू बी यूज्ड' (पुढे वापरणार) लिहा. आधीची तारीख टाकलीत तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे द्यावे लागतात, म्हणून नाव छापलेलं पहिलं बिल, प्रिंटरची पावती, पहिल्या जाहिरातीची प्रत असं सगळं एका फाइलीत लावून ठेवा. कागदोपत्री नाव सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं लिहा; 'एंटरप्रायझेस' आणि 'एंटरप्राइज' एवढ्या फरकावरून बँक करंट खात्याचा अर्ज परत पाठवते.

बोर्ड रंगवायला देताना मराठी नाव देवनागरीत, सुरुवातीला, आणि त्याची अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, हे पेंटरला आधीच सांगा.