अमेरिकी साहित्याच्या जर्नलला लेख पाठवताय? या चुका टाळा

लेख परीक्षकांपर्यंत न पोहोचताच परत आला, तर आधी जर्नलचा आवाका तपासा. ड्यूक विद्यापीठाचं ‘अमेरिकन लिटरेचर’ १९२९ पासून निघतंय आणि वसाहतकाळापासून आजपर्यंतच्या साहित्यावरचे लेख घेतं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचं ‘ईएसक्यू’ एकोणिसाव्या शतकापुरतं आहे. विसाव्या शतकातल्या कादंबरीकार टोनी मॉरिसनवरचा लेख कितीही चांगला असो, तिथे चालणार नाही.

सगळ्यात महागात पडते ती आवृत्तीची चूक. नेटवर सापडेल तो पाठ (कवितेचा छापील मजकूर) उचलून त्यावर बारीक विश्लेषण रचलेलं परीक्षक लगेच ओळखतात. कवी वॉल्ट व्हिटमनच्या ‘लीव्ज ऑफ ग्रास’ या संग्रहाची १८५५ ची आवृत्ती १२ कवितांची. त्यातल्या पहिल्या दीर्घ कवितेला ‘साँग ऑफ मायसेल्फ’ हे नाव मिळालं १८८१ मध्ये. तिच्या पहिल्या ओळीतलं ‘अँड सिंग मायसेल्फ’ही १८८१ चंच. त्या शब्दांच्या आधारे १८५५ च्या व्हिटमनबद्दल काही सिद्ध करायला गेलात, तर मुद्दा तिथेच कोसळतो. कवयित्री एमिली डिकिन्सनच्या १८९० च्या पहिल्या संग्रहात संपादकांनी विरामचिन्हं ‘सुधारली’, डॅश बहुतांशी गेले. डॅशवर लिहायचं असेल तर जॉन्सन (१९५५) किंवा फ्रँकलिन (१९९८) या नंतरच्या संपादकांचाच पाठ घ्या. दोघांचे कविताक्रमांक वेगळे आहेत, म्हणून क्रमांक कुणाचा तेही नोंदवा. या पाठांतली पूर्ण कविता छापायची तर हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची परवानगी लागते. लेख स्वीकारला गेला की लगेच अर्ज करा.

परीक्षण निनावी असतं. पहिल्या पानावरचं नाव काढलं तरी फाइलच्या माहितीत ते राहतंच. वर्डमध्ये फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट या वाटेने ते पुसा. ‘माझ्या आधीच्या लेखात’ असं न लिहिता स्वतःचा संदर्भ तिऱ्हाइतासारखा द्या. गाइडचे आभार छपाईच्या वेळी घालता येतात.

पीएचडीचं प्रकरण जसंच्या तसं पाठवू नका. पूर्वसंशोधनाचा आढावा सहा पानं चालला आणि तुमचं म्हणणं सातव्या पानावर उगवलं, तर तिथवर कोण वाचणार? पहिल्या दोन पानांत ते यायला हवं. आणि एकच लेख एकाच वेळी दोन जर्नलना, अजिबात नाही.

‘रिवाइज अँड रीसबमिट’ (सुधारून पुन्हा पाठवा) असं उत्तर आलं तर तो नकार समजून लेख दुसरीकडे धाडू नका. सुधारित लेखासोबत पत्र जोडा: कोणती सूचना, काय बदललं, कोणत्या पानावर. सूचना पटली नसेल तर पाठातला पुरावा देऊन तसं स्पष्ट लिहा. मुद्दा गुपचूप टाळलात तर तोच परीक्षक तोच प्रश्न पुन्हा विचारतो.