अर्जासाठीची पीडीएफ: स्कॅन, फॉन्ट आणि डिजिटल सही

सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयातून दाखला काढायचा असो की हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात ई-फायलिंग करायचं असो, स्कॅनरला हात लावण्याआधी पोर्टलवरची मर्यादा वाचा. काही ठिकाणी कमाल आकारासोबत किमान आकारही ठरलेला असतो. फाइल फार लहान केली तर ती तिथेही अडकते.

फाइलचा आकार स्कॅन करतानाच आटोक्यात ठेवा. ए४ पान ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं. तेच २०० डीपीआयला घेतलं तर पिक्सेल निम्म्याहून कमी होतात आणि टाइप केलेला मजकूर तरीही स्वच्छ वाचता येतो. बारीक अक्षर किंवा जुना फेरफार असेल तर मात्र ३०० च ठेवा. नुसत्या मजकुराला ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांचं स्कॅन, पुरतं. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ टाळा, त्यात फिकट निळा शिक्का आणि सही पुसट होते किंवा उडूनच जाते. शिक्क्याचं पान रंगीत घ्या. आधार किंवा बँक पासबुक लहान करायला अनोळखी वेबसाइटवर चढवू नका.

मराठी मजकुरात खरी गोची फॉन्टची. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड झाला नसेल, म्हणजे फाइलसोबत साठवला गेला नसेल, तर समोरच्या संगणकावर भलतंच काहीतरी उमटतं, आणि एम्बेड झाला तरी त्यात मराठी शब्द शोधता येत नाही. म्हणून अर्ज युनिकोडमध्येच टाइप करा, त्यात मराठी अक्षर आतही मराठीच असतं. वर्डमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’मधून पीडीएफ निवडा आणि ‘ऑप्शन्स’मध्ये पीडीएफ/ए वर खूण करा. हा प्रकार आयएसओ १९००५ या मानकातला, त्यात फॉन्ट फाइलमध्येच बांधले जातात. टाइप केलेला अर्ज छापून पुन्हा स्कॅन करू नका. फाइल फुगते आणि मजकूर शोधता येत नाही. सहीचं पान तेवढं स्कॅन करून जोडा.

डिजिटल सहीचा सातबारा ही वेगळी गोष्ट आहे. ती सही फाइलच्या एकेका बाइटशी बांधलेली असते. कॉम्प्रेस केलं, दुसऱ्या फाइलला जोडलं किंवा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं, की पानावर सहीची चौकट दिसत राहते, पण तपासायला गेलं तर ती वैध ठरत नाही. डाउनलोड केलेली फाइल जशीच्या तशी वेगळी अपलोड करा. सगळं एकाच फाइलमध्ये मागितलं असेल तर जोडा, पण मूळ फाइल जपून ठेवा.

ई-आधारला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. ते कुलूप तसंच राहिलं तर तपासणाऱ्याला फाइल उघडत नाही. फाइलच्या नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच ठेवा.

अपलोडआधी फाइल दुसऱ्या मोबाइलवर उघडा आणि गट क्रमांक, शिक्क्यावरची तारीख, सहीखालचं नाव वाचून पाहा. यातलं एकही वाचता आलं नाही तर ते पान पुन्हा स्कॅन करा.