रेसमधून आलेल्या घोड्याचं तोंड हलकं कसं करावं

पुण्यातला रेसचा हंगाम पावसाळ्याबरोबर सुरू होतो आणि दिवाळीच्या आसपास आवरतो. पुढे मुंबईचा हंगाम लागतो. तिथे ज्यांची गरज नसते त्यातले काही घोडे स्वस्तात विकले जातात आणि शहराबाहेरच्या रायडिंगच्या तबेल्यांत येऊन पडतात. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, २ वर्षांचा असतानाच शर्यतीत उतरतो, त्यामुळे शर्यती संपतात तेव्हा तो बहुधा ४-६ वर्षांचाच असतो. देखणा, तरतरीत, आणि पहिल्याच रपेटीत तुमचे हात खांद्यातून उखडणारा. आठवड्याभरात मालकाची तक्रार येते, ‘तोंडाचा फार कडक आहे हो!’

तोंड कडक नसतं. रेसमध्ये जॉकी रिकिबीत उभा राहून लगाम आखूड धरतो आणि घोडा त्या लगामावर भार टाकून धावायला शिकतो. ताणलेला लगाम म्हणजे ‘पळ’, असा त्याचा हिशेब. तुम्ही घाबरून मागे ओढता, तो वेग वाढवतो. शिकवलेलंच करतो बिचारा. हा हिशेब बदलायला मला माझ्या घोडीबरोबर सात महिने लागले. त्यातले पहिले दोन मी चुकीचं करण्यात घालवले.

आधी दुखणं शोधा. बिट, म्हणजे लगामाला जोडलेला तोंडातला धातूचा तुकडा, बसतो तो घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधल्या मोकळ्या हिरडीवर. पहिल्या दाढेच्या पुढे काही घोड्यांना एक छोटा, निरुपयोगी दात असतो. बिट त्याला लागला तर घोडा डोकं झटकतो, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. दाढांच्या कडाही धारदार होऊन गाल-जीभ कापतात. वर्षातून एकदा पशुवैद्याकडून दाढा घासून घ्याव्यात. मग पाठ. रपेटीनंतर खोगीर काढल्यावर घामाचा ठसा पाहा. सगळी पाठ ओली आणि मध्येच एखादा कोरडा ठिपका असेल तर तिथे खोगीर दाबतंय. रेस सुटल्यावर काही महिन्यांत घोड्याच्या अंगाचा आकार बदलतो, म्हणून दिवाळीत नीट बसलेलं खोगीर होळीपर्यंत बसेलच असं नाही. नालबंद पाच-सहा आठवड्यांनी यायला हवा, आणि पावसाळ्यात खुराचा तळवा रोज कोरून वास घेऊन बघायचा. सडका वास आला तर आधी त्याचा इलाज.

बिट साधा, जाडसर, सांध्याचा घ्या. तोंड कडक म्हणून लांब दांड्यांचा जोरकस बिट घालायचा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकू नका. काटेरी बिट तर जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बेकायदाच आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो अजून दिसतो. नाकपट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत.

खुराकही बदला. ओट आणि हरभरा हळूहळू कमी करून कडबा, गवत, लसूणघास वाढवा. शक्य असेल तर दोन-तीन महिने नुसतं मोकळं सोडा. शर्यतीचा खुराक खाऊन दिवसभर तबेल्यात कोंडलेला घोडा मऊ चालेल ही अपेक्षाच चूक.

आता हात. आमच्या तबेल्यात घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दार काकांनी मला एक खेळ शिकवला, तो घोड्यावर बसण्याआधी प्रत्येकाने करावा. त्यांनी बिट स्वतःच्या दोन्ही मुठीत धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, “ताई, लगाम धरा. मला जाणवलं की सांगतो.” मी बोटं आवळायच्या आतच ते म्हणाले, “जाणवलं.” मी अजून काही केलंच नव्हतं, फक्त करायचं ठरवलं होतं! मग भूमिका बदलल्या. त्यांनी नुसती करंगळी मिटली, ती मला तळहातात कळली. घरी कोणाबरोबरही हे करून बघा, जोडीदाराबरोबर केलंत तर भांडणाची तयारी ठेवून.

मग जमिनीवरून काम. घोड्याच्या डाव्या बाजूला, मानेपाशी उभं राहा. डाव्या लगामावर हलका, सलग दाब द्या. झटका नको, ओढही नको. भिंतीला टेकल्यासारखं नुसतं थांबा. तो आधी उलट ताणेल, डोकं वर करेल. हात तिथेच. कधीतरी तो जबडा सैल करील, बिट चावल्यासारखा करील, नाक इंचभर आत आणील. त्याच क्षणी लगाम पूर्ण सोडा. घोडा शिकतो तो दाबातून नव्हे, दाब कधी सुटला त्यावरून. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर तोवर त्याने डोकं झटकलेलं असतं, आणि तुम्ही त्याला झटकायलाच शिकवलंत. माझे ते दोन महिने याच उशिरात गेले. दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा, मग मानेवर हात फिरवून बास.

हे जमलं की खोगिरावर बसून, उभ्या घोड्यावर तेच. मग कदम चालीत, म्हणजे सावकाश चालताना. दोन्ही लगाम एकदम ओढू नका, त्यावर त्याला टेकता येतं. एका बाजूने मागा आणि तिकडची टाच किंचित मागे लावून मागचा पाय पोटाखाली आडवा टाकायला लावा. मागचा पाय आडवा गेला की पुढच्या भागावरचा जोर आपोआप निघतो. थांबायचं असेल तर आधी तुमची कंबर थांबू द्या, श्वास सोडा, मग बोटं मिटा. तो थांबला की बोटं उघडा.

पायांचंही तसंच. प्रत्येक पावलाला टाच मारत बसलात तर घोडा बहिरा होतो. पोटरीने एकदा हलकं सांगा. नाही गेला तर एकदा ठसठशीत सांगा. गेला की पाय शांत. रेसच्या घोड्यावर बरेच जण पाय लावायलाच घाबरतात आणि गुडघे आवळून बसतात, ते त्याहून वाईट.

एक फसगत मात्र ओळखा. घोडा हनुवटी छातीला लावून चालू लागला आणि हातात काहीच वजन राहिलं नाही, तर ते हलकेपण नाही. तो बिटापासून पळ काढतोय. नाक कपाळातून सरळ खाली सोडलेल्या उभ्या रेषेच्या किंचित पुढे, पाठ हलती, कान सैल आणि लगामात जिवंत धागा असल्यासारखा स्पर्श, असं हवं. मान खाली बांधणारे जादा पट्टे वापरून फोटो छान येतो, एवढंच.

रोज अर्धा तास पुरे, आठवड्यातून चार-पाच दिवस. दुडकी, म्हणजे ट्रॉट, कदम चाल मऊ झाल्यावरच, आणि तीही मोठ्या वर्तुळात. कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची संथ दौड, सगळ्यात शेवटी. माझ्या घोडीला तो पाचव्या महिन्यात मागितला, आणि तेव्हाही तिला एकदम रेसकोर्स आठवला. अशा वेळी ओढाताण न करता वर्तुळ लहान करत जायचं, आतला लगाम मागायचा-सोडायचा, ती दुडकीवर आली की थांबायचं. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत आटपा.

पहिल्यांदा मैदानाबाहेर जाताना हेल्मेट घाला आणि एखाद्या शांत, जुन्या घोड्याच्या मागे जा. मोकळं माळरान दिसलं की जुना हिशेब परत येतो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत ढोल-ताशाच्या सरावाच्या जागा टाळून रस्ता ठरवा. परतीची शेवटची दहा मिनिटं मी उतरून, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, दोन भोकं सैल करून, लगाम हातात ढिला धरून घोडीबरोबर चालते.