घरी गाडीच्या डिटेलिंगसाठी कॉम्प्रेसर घेताय? या चुका टाळा

चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर जाऊन आलेली गाडी ज्याने स्वतः आतून साफ केली आहे, त्याला दाबाच्या हवेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. गुलाल सीटच्या शिवणीत, एसीच्या जाळीत आणि गिअरच्या दांड्याभोवतीच्या रबरी आवरणाच्या चुण्यांत जाऊन बसतो. तिथे ब्रश पोहोचत नाही आणि ओले फडके लावावे, तर त्याच क्षणी त्याचा पक्का रंग होतो. कोरड्या हवेचा झोत आणि शेजारी धरलेले व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड, हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. त्यासाठी मी घेतलेला पहिला कॉम्प्रेसर मात्र सहा महिन्यांतच विकावा लागला, कारण खोक्यावर छापलेला दाबाचा आकडा पाहून मी तो उचलला आणि तो हवा किती देतो, हे विचारलेच नाही.

दाबाच्या आकड्याला भुलणे

गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणाऱ्या, तळहातावर मावणाऱ्या पंपावरही 150 पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) लिहिलेले असते. तो टायरमध्ये हवा भरेल, पण त्याने सीटची शिवण साफ होणार नाही. डिटेलिंगची, म्हणजे गाडीच्या बारीकसारीक साफसफाईची, बहुतेक कामे 60 ते 90 पीएसआयमध्ये होतात. अडते ते दर मिनिटाला मिळणाऱ्या हवेपाशी, म्हणजे सीएफएमपाशी. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे 28 लिटर हवा. सीट आणि छताचे कापड धुण्यासाठी वापरली जाणारी टॉर्नेडो गन साधारण पाच सीएफएम, म्हणजे मिनिटाला 140 लिटर हवा खाते.

इथे विक्रेत्याला एक प्रश्न नेमका विचारावा: लिहिलेला सीएफएम पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला आहे, की कामाच्या दाबाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या हवेचा, म्हणजे एफएडीचा आहे? या दोन आकड्यांत तिसऱ्या हिश्शाएवढाही फरक पडू शकतो. गन चालवायची असेल, तर दोन एचपीचा आणि पाच-सहा सीएफएम एफएडी देणारा कॉम्प्रेसर घ्यावा. फक्त एसीच्या जाळ्या आणि फटी फुंकायच्या असतील, तर एक एचपी पुरतो आणि उरलेल्या पैशांत चांगला व्हॅक्यूम क्लीनर येतो. धुतलेल्या गाडीची बॉडी वाळवणे एवढाच हेतू असेल, तर कॉम्प्रेसर घेऊच नये. त्या कामाला कमी दाबाचा, भरपूर वारा देणारा ब्लोअर अधिक सोयीचा पडतो.

टाकी सगळे निभावून नेईल असे समजणे

माझ्या पहिल्या कॉम्प्रेसरची टाकी 24 लिटरची होती. ती आठ बारला (एक बार म्हणजे सुमारे साडेचौदा पीएसआय) भरून मोटर बंद व्हायची आणि सहा बारला पुन्हा सुरू व्हायची. या दोन बारच्या फरकातून मिळणारी मोकळी, म्हणजे बाहेरच्या साध्या दाबाची, हवा 48 लिटर. मिनिटाला 140 लिटर खाणाऱ्या गनला ती वीस सेकंद पुरते. त्यानंतर पंप देईल तेवढ्यावर गुजराण. पन्नास लिटरची टाकी हीच सवड चाळीस सेकंदांवर नेते, पण पंपच कमजोर असेल, तर मोठी टाकी भरायलाही तितकाच जास्त वेळ लागतो आणि मोटरला विश्रांती मिळत नाही. घरगुती पिस्टन कॉम्प्रेसर सलग चालण्यासाठी बनवलेले नसतात. दहा मिनिटे चालल्यावर साधारण तेवढीच विश्रांती त्यांना द्यावी.

हवेतल्या पाण्याचा विसर

कोल्हापूरच्या पावसाळ्यात ही चूक सर्वांत महाग पडते. हवा दाबली आणि थंड झाली, की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. जुलैतल्या ओलसर हवेत पाच सीएफएमचा पंप एकूण तासभर चालला, तर टाकीत दीडशे मिलिलिटरच्या वर पाणी जमते. ते काढले नाही, तर गनमधून शिंतोडे उडतात, आणि गुलाल भरलेल्या सीटवर ते उडाले की काय होते, हे मी फिकट कापडाच्या सीटवर पाहिलेले आहे. म्हणून काम संपताच टाकीतील दाब कमी करून खालचा ड्रेन, म्हणजे पाणी सोडण्याची तोटी, उघडावा. टाकी आतून गंजू नये, यासाठीही हे आवश्यक आहे.

पाणी अडवणारा फिल्टर पंपाला खेटून लावण्याची चूकही नेहमी दिसते. तिथे हवा गरम असते आणि पाणी अजून वाफेच्या रूपात असल्यामुळे ते फिल्टरमधून सरळ निघून जाते. काही मीटर पाइप मध्ये जाऊ द्यावा आणि फिल्टर गनच्या बाजूला लावावा. पाइपही आतून आठ-दहा मिलिमीटरचा असावा. बारीक गुंडाळी पाइपने दाब वाटेतच पडतो.

मोटर घुमते, पण फिरत नाही

दोन एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. ती 16 अँपिअरच्या सॉकेटवरच लावावी. पार्किंग लांब असेल, तर वायर न लांबवता हवेचा पाइप लांबवावा. एक्स्टेंशन टाळता येत नसेल, तर वायर किमान अडीच चौरस मिलिमीटरची असावी. तरीही मोटर नुसती घुमत असेल, तर ताबडतोब बंद करावी आणि आवाजाकडे लक्ष द्यावे. कॉम्प्रेसर थांबताना प्रेशर स्विचमधून (ठरलेल्या दाबाला मोटर बंद-चालू करणारे बटण) छोटासा ‘फुस्स’ आवाज यायला हवा. तो आला नाही, तर पंपावरचा दाब सुटलेला नाही आणि मोटरला त्या दाबाविरुद्ध सुरुवात करावी लागते. उलट, थांबल्यानंतरही फुसफुस चालूच राहिली, तर टाकीतील हवा पंपाकडे उलटी येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे. दोन्ही ठीक असल्यास मोटरला सुरू व्हायला जोर देणारा कपॅसिटर तपासून घ्यावा.

तेलाचा की बिनतेलाचा

वंगणासाठी तेल घातलेला पंप टिकतो, पण हवेबरोबर तेलाचे सूक्ष्म कण येऊ शकतात, आणि वॅक्स किंवा कोटिंगपूर्वी ते रंगावर बसणे परवडत नाही. घरासाठी मी कमी आवाजाचा बिनतेलाचा कॉम्प्रेसर पसंत करतो. निम्मे कारण शेजारी आहेत.

जुना माल घेताना

कोल्हापुरात उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये वापरलेले कॉम्प्रेसर स्वस्तात मिळतात आणि त्यांचे पंप अनेकदा उत्तमही असतात. शंका घ्यायची ती टाकीची. टाकी रिकामी करून तळाचा ड्रेन उघडावा. लालसर चिखल आला किंवा टाकीला कुठे वेल्डिंगचे ठिगळ दिसले, तर भाव कितीही पाडून मिळाला तरी घेऊ नये, कारण गंजून पातळ झालेली टाकी दाबाखाली फुटू शकते. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून हवा सुटते का, तेही तिथेच पाहावे. शहराच्या सखल भागातून आलेले यंत्र असेल, तर ते 2019 किंवा 2021 च्या पुरात बुडाले होते का, हे स्पष्ट विचारावे आणि मोटरचे वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.