बाथरूम फोडण्याआधी
ठाण्यात किंवा वाशी-नेरुळच्या फ्लॅटमध्ये नुसत्या टाइल्स, नळ, कमोड बदलायचे असतील तर महापालिकेत खेटे घालावे लागत नाहीत. सोसायटीला अर्ज द्या, कामाची वेळ आणि डेब्रिजची सोय ठरवा. भिंत हलवायची किंवा बाथरूमची जागाच बदलायची असेल, तर मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि पालिकेची परवानगी. खालच्यांच्या स्वयंपाकघरावर आपला संडास आला की भांडण ठरलेलंच! कॉलम-बीमला हातोडा लावूच नका, मिस्त्री ‘काही होत नाही साहेब’ म्हणाला तरी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर लगेच टाइल्स बसवू देऊ नका. ट्रॅप (फरशीतलं पाणी जाण्याचं भोक) बंद करून 48 तास पाणी साठवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत स्वतः बघा.